हॉलमधला ड्रॉइंग बोर्ड

आमच्या हॉलच्या भिंतीवर, सोफ्याच्या अगदी समोर, एक काळं लोखंडी ब्रॅकेट आहे. त्याच्या एका कानाला कॅलेंडर असतं, दुसऱ्याला छत्री. पण ज्याच्यासाठी भिंतीला भोकं पाडली तो टीव्ही मात्र तिथे नाही. नवीन पाहुणा हमखास विचारतो, "टीव्ही विकलात का?" मग मी बोट खाली करते. टीव्ही त्याच भिंतीला टेकून आहे, पण खाली, जुन्या डायनिंग टेबलावर, माझ्या खुर्चीसमोर. त्याच्यापुढे की-बोर्ड आहे, माउस आहे आणि एक स्टीलची पट्टी आहे. ही पट्टी टीव्हीच्या काचेला लावायला मला सक्त मनाई आहे.

मार्च कलला की डोंबिवलीत दोन हंगाम एकदम सुरू होतात, एक परीक्षांचा आणि दुसरा क्रिकेटचा. जिन्याच्या पायऱ्यांवर पोरं पाठांतर करत बसतात, वरच्या मजल्यावरून कुणाची तरी आई ओरडत असते, खाली गुलमोहराच्या पाकळ्या झाडून वॉचमन कंटाळतो. संध्याकाळी वारा फिरला की एमआयडीसीकडून तो ओळखीचा उग्र वास येतो आणि सगळ्या इमारतीच्या खिडक्या एकापाठोपाठ एक बंद होतात. यंदाही तसंच झालं. खिडकी लावायला मी उठले तर समोरच्या दारातून फिलोमिनाने विचारलं, "काय गं विजया, या सीझनला टीव्ही कोणाचा? तुझा का भावजींचा?" ती हसली, मीही हसले. पण तो प्रश्न ऐकला की मला तो एक उन्हाळा आठवतो. ज्या उन्हाळ्यात माझं काम सुटणार होतं आणि सुटलं नाही, तो.

माझं काम ड्रॉइंग काढण्याचं. चित्रं नव्हेत, यंत्रांची ड्रॉइंग, ज्यांच्यावरून कारखान्यात वस्तू घडते. मी मूळची ठाण्याची, कोपरीतल्या चाळीतली. दहावीनंतर आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला. वर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि सर्टिफिकेटवर आम्हालाही 'ड्राफ्ट्समन'च लिहून दिलं. वडील म्हणाले होते, "मॅन लिहिलंय तर लिहू दे, पगार तर तुलाच मिळणार ना?" मानपाड्याच्या पंपाच्या कारखान्यात लागले ती तिथेच मुरले. नंतर सांसारिक कारणांनी नोकरी सोडली तरी कारखान्याने मला सोडलं नाही. घरी लॅपटॉप आला आणि मी घरून ड्रॉइंग करून देऊ लागले.

टीव्हीची गोष्ट वेगळी. तो माझ्या यजमानांचा, मिलिंदरावांचा. घरात मी त्यांना 'अहो' म्हणते, तेव्हा इथेही ते 'हे'च राहू देत. ह्यांनी आयुष्यभर विम्याच्या ऑफिसात फायली हलवल्या आणि निवृत्तीच्या दिवशी जाहीर केलं की आता फक्त क्रिकेट बघणार. त्यासाठी हा पंचावन्न इंची टीव्ही आला. दुकानदाराने फोर-के म्हणजे काय ते ह्यांना समजावलं आणि घरी आल्यावर ह्यांनी ते मला, फिलोमिनाला, वॉचमनला आणि फोनवर आमच्या मुलीला समजावलं. खेळाडूच्या पॅडवरची शिवण दिसते म्हणे. ह्यांच्या खिशात टीव्हीसाठी वेगळा मऊ रुमाल असे. सकाळी आधी बुद्धमूर्तीची धूळ पुसायची आणि मग टीव्हीची, हा क्रम. कुणी टीव्हीकडे बोट दाखवलं तरी हे म्हणत, "लांबून, लांबून."

त्या वर्षी फेब्रुवारीत माझ्या डोळ्यांनी असहकार पुकारला. डॉक्टरांनी तपासलं, मोतीबिंदू नाही म्हणाले, दुसरा रोग नाही. वय आणि बारीक काम. चष्म्याचा नंबर बदलला, तरी लॅपटॉपच्या त्या वहीएवढ्या पडद्यावर माझी पंचाईत होई. पूर्ण ड्रॉइंग दिसावं म्हणून लहान करावं तर आकडे मुंग्या होऊन जात. आकडे वाचावेत म्हणून मोठं करावं तर एक बोल्ट तेवढा पडदाभर दिसे, आणि तो यंत्रात कुठे आहे तेच कळेनासं होई. पुढे-मागे, लहान-मोठं करता करता संध्याकाळी डोकं ठणके. मी मनाशी ठरवून टाकलं, हातातलं संपवायचं आणि हात जोडायचे. ह्यांना सांगितलं तेव्हा हे एवढंच म्हणाले, "तुला वाटतंय ना? मग झालं." मला राग आला. माणसाने थोडं तरी 'नको' म्हणावं.

आणि नेमकं तेव्हाच ते काम आलं. कारखान्यातला प्रॉडक्शन मॅनेजर नितीन, वयाने माझ्या मुलीच्या जवळचा, फोनवर म्हणाला, "मॅडम, एक जुना पंप आहे. खूप जुना. बाहेर कुठेतरी पाणीपुरवठ्याला अजून चालतोय बोलतात. त्याचं वरचं केसिंग फुटलंय, नवीन ओतून द्यायचंय. साच्याचा लाकडी पॅटर्न होता तो वाळवीने खाल्ला. ड्रॉइंगचा फक्त स्कॅन आहे, तो पण बेकार. तुम्ही नव्याने काढून द्याल का?"

मी नाही म्हणणार होते. शब्द जिभेवर होता. म्हटलं, स्कॅन बघून तरी नाही म्हणू. फाइल उघडली आणि कोपऱ्यातल्या चौकटीत तीन अक्षरं दिसली. नीट वाचता येत नव्हती, पण मला वाचायची गरज नव्हती. ती माझी अक्षरं होती. लग्नाआधीची.

ट्रेसिंग म्हणजे काय हे आताच्या मुलांना सांगावं लागतं. इंजिनिअर साहेब पेन्सिलीने मूळ ड्रॉइंग काढत. ते आमच्या बोर्डावर लावायचं, त्यावर पारदर्शक ट्रेसिंग पेपर ताणायचा आणि शाईने रेषान् रेष उतरवायची. कागदाला शाई नीट धरावी म्हणून आधी पावडर चोळायची. पंखा बंद, कारण कागद उडतो. एप्रिल-मेमध्ये कोपराखाली हातरुमाल ठेवायचा, कारण घामाचा एक थेंब पडला तर दिवसभराचं काम गेलं. चूक झाली तर दाढीचं ब्लेड अर्धं मोडून त्याच्या टोकाने शाई खरवडायची, कागद फाटू न देता. आम्ही चौघी ट्रेसर होतो. उभ्या उभ्या पोटऱ्या भरून येत. बाजूच्या खोलीत ड्रॉइंगच्या प्रती निघत, तिथल्या अमोनियाने डोळ्यांतून पाणी येई आणि नवीन आलेल्या शिपायाला वाटे मुली कशाला रडतात. मला ती नोकरी फार आवडायची. कोपरीतल्या चाळीत एका खोलीत आम्ही सात माणसं. एवढा मोठा, स्वच्छ, फक्त माझा असा पृष्ठभाग मला आयुष्यात पहिल्यांदा त्या बोर्डाच्या रूपाने मिळाला होता.

तर ते माझंच ट्रेसिंग, आणि तेच मला वाचता येईना. लॅपटॉपवर सगळं राखाडी धुकं. मी मुलीला फोन केला. ती बंगळुरूला असते. कामासाठी नव्हे, नुसतं रडगाणं गायला.

"आई, अगं टीव्हीला लाव ना डायरेक्ट," ती म्हणाली. "फोर-के आहे तो. केबल पण आहे घरात, मीच आणलेली. पप्पा काय चोवीस तास मॅच बघतायत?"

"टीव्ही म्हणजे टीव्ही. त्याच्यावर कुणी काम करतं का?"

"स्क्रीन म्हणजे स्क्रीन, आई. तू लावून तर बघ."

दुपारची वेळ होती, हे झोपले होते. केबल लावली. पडदा उजळला, आणि माझं ट्रेसिंग भिंतीवर आलं. खरंच भिंतीवर, कारण तेव्हा टीव्ही ब्रॅकेटवर होता. मी दोन पावलं मागे सरले. इतकं मोठं ड्रॉइंग मी बोर्ड सोडल्यापासून पाहिलंच नव्हतं.

पण लगेच काहीतरी खटकलं. ड्रॉइंगच्या कागदाला चारी बाजूंनी एक जाड चौकट असते. पहिली रेघ ती काढायची, मग बाकीचं, हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं. इथे चौकटच नव्हती. कडेची थोडी थोडी पट्टी टीव्हीने परस्पर गिळली होती. सिनेमा बघणाऱ्याला पत्ता लागला नसता. हिरो-हिरॉइन मधोमधच असतात. मला मात्र अंगावरचा पदर कुणी ओढावा तसं वाटलं. शिवाय त्यावर मी काढून बघितलेल्या लाल रेषा ओल्या कागदावर शाई फुटावी तशा फुटलेल्या, आणि माउस हलवला की बाण जरा मागाहून येई, सुस्तावलेल्या शिपायासारखा.

रिमोट घेऊन मी मेनूत शिरले. क्रिकेटप्रेमी मंडळी कधी ज्या गल्ल्यांत फिरकत नाहीत अशा गल्ल्या रिमोटमध्ये असतात. एका गल्लीत 'स्क्रीन फिट' सापडलं. ते दाबलं आणि चौकट जागेवर आली. मुलगी फोनवरून म्हणाली, आता त्या इनपुटचं नाव बदलून 'पीसी' कर. मी म्हटलं, "नुसतं नाव बदलून कुणाचा स्वभाव बदलतो का?" तर टीव्हीचा बदलला. फुटलेल्या रेषा कोरल्यासारख्या झाल्या. 'गेम' नावाचा पर्याय लावला तेव्हा बाणही पळायला लागला. एक खोड मात्र पुष्कळ दिवस पुरली. मी विचार करत नुसती बघत बसले की पडदा आपोआप मंद होई. काही हलत नाही म्हणजे समोर कुणी नाही, असा त्याचा समज. ती सोय बंद करण्याची जागा सापडेपर्यंत मी अधूनमधून माउस हलवून त्याला सांगत असे, आहे बाबा, मी इथेच आहे.

आता खरी परीक्षा. या टीव्हीवर एक पूर्ण शीट, ज्याला आम्ही ए-वन म्हणतो ते, मूळ मापात मावतं. लहान नाही, मोठं नाही. कागदावर जेवढं होतं तेवढंच. हे माझ्या लक्षात आलं आणि मी आनंदाने पर्समधून स्टीलची पट्टी काढली, पहिल्या पगारात घेतलेली, आणि माप पडताळायला सरळ टीव्हीच्या काचेवर टेकवली.

मागून अशी आरोळी आली की मला वाटलं घरात साप निघाला. हे झोपेतून उठून दारात उभे होते.

"अगं ए! पट्टी? टीव्हीला पट्टी लावतेस?"

"माप बघतेय."

"ओरखडा पडेल त्याला! टीव्हीचं माप कोण घेतं?"

"टीव्हीचं नाही हो, पंपाचं."

हे जवळ आले. आधी रुमालाने पट्टी टेकवली ती जागा पुसली. मग पडद्यावर एक बारीक ठिपका दिसला तोही घासून घासून पुसू लागले. तो ठिपका म्हणजे वर्तुळाचा केंद्रबिंदू होता. तो काही निघेना. "माशी बसून गेली वाटतं," हे म्हणाले. मी हसून हसून खाली बसले. रुमाल हातात धरून तेही मग हसले, आणि पहिल्यांदाच त्यांनी पडद्याकडे, म्हणजे पडद्यावर काय आहे त्याकडे, नीट पाहिलं.

"हे तू काढलंस?"

"एकवीस वर्षांची असताना."

हे आत गेले. मुलीच्या जुन्या कंपासपेटीतून एक प्लॅस्टिकची पट्टी शोधून आणून त्यांनी माझ्या हातात दिली. स्टीलच्या पट्टीवर त्या दिवसापासून बंदी आहे.

दोन दिवस मी मान वर करून काम केलं आणि मान धरली. तिसऱ्या दिवशी बाजारातून आले तर हे आणि वॉचमन मिळून टीव्ही ब्रॅकेटवरून उतरवत होते. दोघांच्या चेहऱ्यावर तान्हं मूल उचलल्याचा ताण. जुनं डायनिंग टेबल भिंतीला लावलं होतं. मी म्हटलं, "अहो, सामने सुरू व्हायचेत पुढच्या आठवड्यात. सोफ्यावरून खाली बघणार का तुम्ही?" हे म्हणाले, "तुझं होऊ दे आधी. मोबाइलवर काय दिसत नाही?" ज्या माणसाने पॅडची शिवण दिसावी म्हणून टीव्ही घेतला तो म्हणत होता मोबाइलवर दिसतं. फेब्रुवारीतला माझा राग तिथेच विरघळला. माझ्या निवृत्तीला ह्यांनी 'नको' म्हटलं नव्हतं, कारण निर्णय माझा होता. पण मला काम करायचं म्हटल्यावर भिंत रिकामी करून दिली. ह्यांची बोलायची पद्धत ही अशी आहे, आणि ती मला इतक्या वर्षांनी कळली.

मग तो उन्हाळा तसाच गेला. हॉलमध्ये पंप आणि गॅलरीत क्रिकेट. हे आरामखुर्ची बाहेर टाकून, मोबाइल नाकाशी धरून बसत. चौकार गेला की तोंडावर हात धरून ओरडत, कारण आत मी वक्र रेषा काढतेय. हे पंपाचं केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, आतून शंखासारखं असतं, अरुंद जागेतून रुंद होत जातं. त्यातली एकही वक्ररेषा घाईने जमत नाही. शुक्रवारी लाइट गेली की दोघंही गॅलरीत बसून कैरीला तिखट-मीठ लावून खायचो, आणि लाइट आली की आपापल्या मैदानात परतायचो.

एकदा एक चुकलेली रेष मी डिलीट केली, आणि माझा तळहात आपोआप उठून टीव्हीच्या काचेवरून सर्रकन फिरला. खरवडलेल्या शाईचा चुरा झटकायला! हात अर्ध्यावर गेल्यावर माझ्या लक्षात आलं. कारखान्यात कॉम्प्युटर आले त्याला जमाना झाला. लॅपटॉपवर इतकी वर्षं मी रोज शेकडो रेषा पुसल्या, तेव्हा हा हात कधी उठला नव्हता. तो गप्प होता, विसरला नव्हता. बोर्डाएवढी जागा समोर आल्याबरोबर त्याला त्याचं काम आठवलं. मी माझ्या तळहाताकडे बघत राहिले. डोळ्यांत पाणी आलं, अमोनिया नसताना.

जयंतीचे दिवस आले. घरी माणसांची ये-जा, पांढरे कपडे, खिरीची पातेली. हॉलमध्ये शिरणारा प्रत्येक जण 'जयभीम' करून सोफ्यावर बसे आणि टेबलावरच्या पंपाकडे बघे. मी आत पुऱ्या तळत होते आणि बाहेरून ह्यांचा आवाज ऐकू येत होता. "हे मिसेसचं काम. मूळ मापात आहे, एक सूत इकडचं तिकडे नाही. इकडून पाणी आत येतं आणि हे असं मधून बाहेर." नेमकं उलटं सांगत होते. पाणी मधून आत येतं आणि कडेने बाहेर. मी झारा घेऊन बाहेर आले आणि सगळ्यांसमोर दुरुस्त केलं. फिलोमिना खिरीची वाटी घेऊन बसली होती. ती बराच वेळ पडद्याकडे बघून म्हणाली, "मला वाटलं कुठला चॅनल लावलाय. पण चांगलं आहे गं. निदान सासू-सुनेची भांडणं तरी नाहीत ह्यात."

सगळ्यात अवघड जागा शेवटी आली. केसिंगच्या तोंडाशी, जिथे दुसरा पाइप जोडतात, तिथली जाडी. स्कॅनमध्ये तिथे एक आकडा होता आणि त्याच्यावर डाग होता. नितीन म्हणाला, "मॅडम, ऑफिसमध्ये सगळ्यांनी बघितला. अठरा आहे. अठराच पकडा." लॅपटॉपवर मलाही अठराच दिसला होता. टीव्हीवर मी तो भाग मोठा केला, आणखी मोठा केला, एवढा की एक आकडा ताटलीएवढा झाला. आणि मला तो डाग ओळखू आला. तो डाग नव्हता, ब्लेडने खरवडल्याची खूण होती.

मग सगळं आठवलं. मे महिना, बंद पंखा, कोपराखाली निळ्या काठाचा हातरुमाल. ट्रेसिंग पूर्ण होत आलेलं आणि साहेब धावत आले. "जाधव, थांब, जाडी बदललीय." मी अठरा खरवडून काढला होता, श्वास रोखून, आणि त्या नाजूक झालेल्या जागेवर तेरा लिहिला होता. आमच्यात इंग्रजी तीन डोक्यावर सपाट काढायची पद्धत होती. गोल डोक्याचा तीन प्रतीमध्ये फुटला की आठ वाचला जातो, आणि तिकडे लोखंड त्या मापाचं ओततात. आता ताटलीएवढ्या त्या आकड्यात जुन्या आठाची उरलेली सावली होती, आणि तिच्यावर, तिच्या आरपार, एक सपाट डोक्याचा तीन ठाम उभा होता. माझा तीन. त्या मुलीने तो असा काढला होता की कधीतरी, कुणालातरी शंका आली तर उत्तर मिळावं. ते 'कुणीतरी' मीच निघाले.

उगाच विनय कशाला करू? मला तिचा अभिमान वाटला. एकवीस वर्षांची, दोन वेण्या घालणारी, घामाने ओली झालेली, डबा खायच्या सुट्टीत उभ्या उभ्या पोळीची गुंडाळी खाणारी विजया जाधव. आणि तिच्यामागे ती काय करून गेली हे ओळखू शकणारी मी, माझाही वाटला. नितीनला मी कळवलं, तेरा. त्याने पंपाच्या जागी फोन करून फुटलेल्या केसिंगचा तुकडा मोजायला सांगितला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, "मॅडम, तेराच आहे. मानलं तुम्हाला. पण आम्हाला पण सगळ्यांना आठच दिसत होता ना यार." मी म्हटलं, "अरे, मलाही आठच दिसत होता. टीव्ही घे ऑफिसात."

त्याच फोनवर त्याने आणखी एक विचारलं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत छोटे रकाने असतात. एकात 'काढणारा', एकात 'तपासणारा'. जुन्या चौकटीत आणखी एक असायचा, 'ट्रेसर', आणि आम्ही चौघी तिथे राहत असू. 'काढणारा' मध्ये साहेबांची अक्षरं. त्यात चूकही नव्हतं काही, डोकं त्यांचं होतं, पंप त्यांनी कल्पनेत पाहिला होता. आता साहेब नाहीत, आणि नव्या चौकटीत ट्रेसरचा रकानाही नाही. नितीन म्हणाला, "काढणारा मध्ये जुनंच नाव कंटिन्यू करतोय मॅडम. चालेल ना? फॉर्मॅलिटी आहे."

"नाही चालणार," मी म्हटलं.

माझाच आवाज मला जरा मोठा वाटला. मी म्हटलं, "साहेबांचं नाव खाली टीपेत येईल. मूळ संकल्पना त्यांची, तसं स्पष्ट लिहीन मी. पण हे ड्रॉइंग पहिल्या रेघेपासून मी काढलंय. रकाना मी भरेन."

"ओके मॅडम," तो म्हणाला. "तुम्ही बोलाल तसं."

एवढं सोपं होतं ते. ज्या वर्षांत बोलायला हवं होतं त्या वर्षांत मला हे वाक्य माहीत नव्हतं, आणि सुचलं असतं तरी उभं राहायला जागा नव्हती.

ड्रॉइंग पूर्ण झालं तो सामन्यांचा शेवटचा दिवस होता, अंतिम सामन्याचा. मी मुद्दाम त्या संध्याकाळच्या आत संपवलं. बाहेर वारा फिरला होता, खिडक्या लावून झाल्या होत्या. मी शेवटचा रकाना भरला, खुर्ची मागे सरकवली आणि गॅलरीत जाऊन ह्यांना म्हटलं, "अहो, झालं. चला आत. मॅच लावा."

हे आत आले. सोफ्यावर त्यांच्या जागेवर बसले, तिथली गादी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच दबली असेल. मी रिमोट त्यांच्या हातात दिला. फिलोमिनाही आली होती, तिलाही अंतिम सामना बघायचा होता. पडद्यावर अजून माझं शीट होतं, चौकटीसकट. हे रिमोट घेऊन बघत बसले. पाण्याच्या वाटेवरून त्यांची नजर फिरली, मधून आत, कडेने बाहेर, आता बरोबर. मग नजर खाली उजव्या कोपऱ्यात जाऊन थांबली.

इतकी वर्षं मी ड्रॉइंग काढली आणि माझ्या घरातल्या कुणी कधी त्या कोपऱ्यातलं वाचलं नव्हतं. वाचणार कसं? लॅपटॉपवर तांदळाएवढी अक्षरं असतात ती. त्या दिवशी चष्मा ह्यांच्या कपाळावर होता. तो खाली न घेता, सोफ्यावरून, मुलाने पाटी वाचावी तसं ह्यांनी मोठ्याने वाचलं.

"काढणारा. व्ही. एम. के." थांबले. "विजया मिलिंद कांबळे."

"हो," मी म्हटलं.

"आणि हे खाली? 'मूळ ट्रेसिंग, व्ही. एस. जे.' ही कोण?"

मी त्यांनाच ओळखू दिलं. विजया शंकर जाधव हे नाव ह्यांनी लग्नाच्या पत्रिकेवर पाहिलं होतं, त्यानंतर त्याचं काम पडलं नव्हतं. ह्यांचे ओठ पुटपुटले. मग चेहरा उजळला.

"अगं, दोन्ही तूच की!"

"दोन्ही मीच."

"फिलोमिनाताई, बघा," हे म्हणाले, आणि उठून टीव्हीपाशी गेले. ज्या पडद्याकडे कुणाला बोट दाखवू दिलं नव्हतं, त्याच्या काचेवर आपलं बोट टेकवून त्यांनी आधी वरचं नाव दाखवलं आणि मग खालचं. नाणेफेक केव्हाच होऊन गेली होती. रिमोट सोफ्यावर तसाच पडला होता.